कुठूनही वाचायची पत्रिका

कविता हलवायला मी लग्नपत्रिकांपायी शिकले. हसू नका, खरं सांगतेय. नव्वदीच्या अखेरीला मंचरला कापडाच्या दुकानावरच्या माडीत मी डीटीपीचं दुकान टाकलं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बसायला दोन फोल्डिंगच्या खुर्च्या. अवसरी बुद्रुकहून सकाळच्या एसटीनं यायचं, शटर वर करायचं, मॉनिटरला अगरबत्ती ओवाळायची आणि दिवसभर लोकांची नावं एकाखाली एक लावत बसायचं. लग्नसराईत तर चहा गार व्हायचा तरी प्यायला सवड नसायची.

नावं एकाखाली एक. सगळी गोम तिथंच होती. आमच्याकडं लग्न ठरतं दोन घरांत, पण मोडायला निघतं पत्रिकेत. निमंत्रकात कोण, 'आपले नम्र'मध्ये कोण, कोणाचं नाव ठळक, कोणाचं बारीक. प्रूफ हातात घेऊन माणसं जिना चढून यायची तीच लालबुंद होऊन. "आमचं नाव साडूच्या खाली? आमी काय वाटंवर पडलोय व्हय?" मी पण काही गरीब गाय नव्हते. म्हणायचे, "पावणं, नाव खाली हाय म्हणून कोणी तुमाला शेवटच्या पंगतीला बसवत न्हाई. जिलेबी सगळ्यांना सारखीच." मग हसायचे, पण नाव वर घ्यायला लावूनच जायचे.

कविता मी कॉलेजापासून करत होते. कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात स्लाइडा बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्याशी खेळायचे. एकदा 'पाखरू' असं लिहिलं आणि त्या शब्दाला खालून वर उडवलं. लहान पोरासारखी मी परत परत तेच बटण दाबत होते. मग हळूहळू डोक्यात शिरलं की हा नुसता खेळ नाही. कागदावर मी सांगीन तिथून वाचायला लागतं. वरून खाली, डावीकडून उजवीकडं, गुमान. इथं शब्द कुठंही ठेवता येत होता. कोपऱ्यात एकटा बसवता येत होता. मधली जागा रिकामी ठेवली की त्या रिकामेपणाकडं आधी लक्ष जायचं. आणि शब्द कधी यायचा, कुठून यायचा, किती सावकाश जायचा, हेसुद्धा कवितेतच धरता येत होतं.

पहिली धड कविता केली ती डिंभ्याच्या धरणावर. जुनं आंबेगाव त्या पाण्यात गेलं हे आमच्या तालुक्यात पोरासोरांना ठाऊक आहे. पडद्याच्या मधोमध एक आडवी रेघ मारली, तेच पाणी. रेघेवर शब्द उभे केले: घर, गोठा, पिंपळ, चावडी, देऊळ. कीबोर्डावरचं लांब बटण दाबलं की एक शब्द सावकाश रेघेखाली जायचा आणि फिकट व्हायचा. बस्स, एवढीच कविता. मला स्वतःला ती लई आवडली होती आणि मी ते कोणापासून लपवलं नाही.

एक दिवस शिनोलीकडचे एक बाबा नातवाच्या जावळाची पत्रिका करायला आले. धरणात गाव गेलेल्यांपैकी. प्रूफ निघेस्तोवर मी त्यांना म्हटलं, बाबा, एक गंमत बघा, हे बटण दाबत जा. त्यांनी दाबलं. घर गेलं. परत दाबलं. गोठा गेला. पिंपळ गेला, चावडी गेली. देवळाची पाळी आली आणि त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"दाबा की," मी म्हटलं.

"ह्ये मी न्हाई दाबायचो," बाबा म्हणाले. "त्ये डोळ्यांदेखत बुडालं तवा आमी काय करू शकलो न्हाई. आता माझ्याच हातानं कशापाई बुडवू?"

प्रूफ घेऊन ते गेले. जाताना मला म्हणाले, "तू पण दाबू नगंस." संध्याकाळी शटर ओढेपर्यंत पडद्यावर देऊळ तसंच उभं होतं. मी नाही दाबलं. कागदावर हीच कविता असती तर बाबांनी पान उलटलं असतं आणि देऊळ आपोआप बुडालं असतं. इथं बोट त्यांचं होतं, म्हणून थांबवायचा हक्कही त्यांचाच होता. त्या दिवसापासून ही कविताच आहे याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका उरली नाही.

इतरांच्या मनात होती. जुन्नरला कवींचा मेळावा होता तिथं मी मॉनिटर गोधडीत गुंडाळून जीपमधून घेऊन गेले. लोक कडेनं उभे राहून बघत होते. अध्यक्ष म्हणाले, "ताई, कवितेला पाय फुटले की ती पळून जाते बरं का." सगळे खो खो हसले. मी म्हटलं, "पळाली तर पळू द्या सर. एका जागी बसून बसून तुमच्या कवितेच्या पायाला मुंग्या आल्यात, त्याचं बघा आधी." परत बोलावणं आलं नाही. माझं काही अडलं नाही.

अडलं ते घरात. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पिंपळवंडीला ठरलं आणि गावभरच्या पत्रिका जुळवणारी मी, घरच्या पत्रिकेपाशी येऊन घट्ट रुतले.

त्याचं असं होतं. माझे वडील तीन भावांतले मधले. आम्ही दोघी लहान असतानाच ते गेले. थोरले चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आणि धाकटे चुलते, ते आण्णा. आईला आणि आम्हा दोघींना आण्णांनी आपल्या घरात ठेवलं, वाढवलं, शिकवलं. तात्यांचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. आणि या दोघा भावांचं बोलणं बंद. कारण विहिरीची पाळी. विहीर एक, मोटर एक, आणि लाइट कधी येईल त्याचा नेम नाही. लाइट आली की आधी पाणी कोणी धरायचं, यावरून एकदा जे जुंपलं ते वर्षानुवर्षं मिटलं नाही. पारावर बसायचे दोघं, पण पाठीला पाठ लावून.

आमच्यावर मात्र दोघांचाही जीव. तात्या आण्णांच्या दाराची पायरी चढायचे नाहीत, पण शाळेच्या वेळेला गल्लीत उभं राहून सायकलची घंटी वाजवायचे. आम्ही दप्तरं घेऊन पळायचो. एक दांडीवर, एक कॅरेजवर. आण्णा ओट्यावरून बघायचे.

तर पत्रिका. तात्यांनी निरोप धाडला, "वयानं थोरला मी. नाव वर माझं. न्हाईतर मांडवात पाय ठेवणार न्हाई." आण्णा ओट्यावर बसून म्हणाले, "पोरी माझ्या घरात वाढल्या. कन्यादान मी करायचं आन् नाव खाली? मग त्यांनीच करावं सगळं. मी जातो भीमाशंकरला." दोघांचंही बरोबर होतं, हेच तर दुखणं. चूक असती तर मी सरळ तोंडावर सांगितलं असतं.

बहीण माझ्यासारखी तोंडाळ नाही. ती भांडली नाही, रडली नाही. चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली, "अक्का, वडील न्हाईत. माझ्या मागं हे दोघं उभे पायजेत. दोघं. एक जरी नसंल तर मी न्हाई उभी राहायची." आणि भाकरी तव्यावर टाकली. ती असं बोलली की तिचं ते ठरलेलं असायचं. आई खाली मान घालून बसली होती.

गावानं हजार सल्ले दिले. दोन पत्रिका छापा, एकीत हे वर, एकीत ते. मी म्हटलं, वा, आणि एकाच घरात दोन्ही गेल्या म्हणजे? दोघांची नावं शेजारी शेजारी लावा. अहो, डावीकडचं आधी वाचतात हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. नावंच टाकू नका, समस्त परिवार म्हणा. मग तर दोघंही आले नसते.

खालच्या दुकानाचे शेठजी रोज संध्याकाळी जिन्यातून हाक मारून विचारायचे, "ताई, लागला का मेळ?" मारवाडातून आलेलं जैन घराणं, पण तीन पिढ्या मंचरात. मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. लग्नाचा बस्ता त्यांच्याकडंच बांधायचा होता. म्हणजे दोन्हीकडची माणसं जमून सगळ्यांचे कपडे एकदमच घेणार. मी त्यांच्या दुकानात पायरीवर वैतागून बसले होते आणि ते एका बाईला साड्या दाखवत होते. एकीवर एक साडी फेकत होते. मग थांबले, सगळ्या गादीवर पसरल्या आणि मला म्हणाले, "बघा ताई, थप्पी लावली की खालची साडी मेली. पसरली की गिऱ्हाईक जिथून पाहिजे तिथून हात घालतं."

मी ताडकन उठले. "शेठजी, तुमचं तोंड गोड होवो!" म्हणत माडी गाठली. अगं बाई, धरणावरची कविता पसरून दाखवणारी मी, घरच्या पत्रिकेची थप्पी लावत बसले होते!

पत्रिका नंतर. आधी मी कविता केली. पडद्याच्या मधोमध बहिणीचं नाव. भोवती गोल शब्द: आई, वडील, तात्या, आण्णा, मामा, विहीर, सायकल. ज्या शब्दावर माउसनं टिचकी माराल तो मोठा होऊन पुढं यायचा आणि त्याच्या दोन ओळी दाखवायचा. कोणी कुठूनही सुरू करावं. आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. प्रत्येक ओळ पहिली म्हणून शोभायला पाहिजे आणि शेवटची म्हणूनही. 'मग' चालत नाही, 'म्हणून' चालत नाही, आधी काय झालं त्याचा आधार घेता येत नाही. भाकरी कशी, कुठूनही मोडली तरी भाकरीच असते, तशी ओळ पाहिजे. मी आयुष्यात एवढी खोडाखोड कधी केली नव्हती.

तात्यांच्या शब्दामागं लिहिलं:
सायकलच्या टोचऱ्या दांडीला आपलं उपरणं गुंडाळलं.
घंटी अजून गल्लीत वाजते.

आण्णांच्या मागं:
आमच्या ताटात वाढून झालं की म्हणायचे, मला भूक नाही.
त्यांची भूक आम्ही नेसून मोठ्या झालो.

वडिलांच्या शब्दामागं ओळी नव्हत्या. घरात एक फोटो होता, मंचरच्या स्टुडिओत काढलेला. मधे वडील, दोन्ही हात दोन्ही भावांच्या खांद्यांवर. त्यातलं मी फक्त एवढंच घेतलं: 'वडील' हा शब्द, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा.

आणि खरी मेख पुढं होती. तात्या आणि आण्णा हे शब्द मी पडद्याच्या दोन टोकांना ठेवले होते. ज्यानं दोन्ही उघडून वाचले, मग ते कोणत्याही क्रमानं का असेना, त्याला दिसायचं की ते शब्द आपापल्या टोकावरून सरकायला लागतात. सावकाश, बैलाच्या चालीनं. 'वडील' शब्दाच्या अल्याड-पल्याड येऊन टेकतात आणि थांबतात. त्या सॉफ्टवेअरला काही आठवणीत ठेवता यायचं नाही, कोणी काय आधी वाचलं ते. म्हणून प्रत्येक वाटेसाठी मी वेगळी स्लाइड केली. इथून तिथं गेला तर ही, तिथून इथं आला तर ती. वाटांचा नकाशा कॅलेंडरच्या पाठीमागं काढला. शेतात पाणी धरताना पाटाचं एक दार बुजवायचं नि दुसरं फोडायचं, थेट तसं काम. शेतकऱ्याची पोर आहे, मला जमलं.

तात्यांना निरोप दिला, प्रूफ बघायला या. ते फेटा बांधून आले, जणू कोर्टात तारीख होती. खुर्चीत बसले. "दाव."

"तात्या, कागदावर न्हाई, इथं बघा. ह्यो माउस धरा. ज्या नावावर टिचकी माराल ते उघडंल."

"म्हंजे दारं हायेत."

"व्हय, दारंच."

त्यांनी पहिली टिचकी कुठं मारली असेल? स्वतःच्या नावावर! वाचलं. ओठ हलवत परत वाचलं. "उपरणं व्हतं व्हय गं ते," म्हणाले, "मी तर ईसरलो व्हतो." छाती थोडी पुढं आली. मला वाटलं आता मामा बघतील, आई बघतील. छे! लगेच बाण आण्णांच्या नावावर. माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त लिहिलंय की काय, एवढंच बघायचं होतं त्यांना.

उघडलं. वाचलं. या खेपेला ओठ हलले नाहीत. मग दोन्ही शब्द सरकायला लागले. तात्यांनी माउस सोडून दिला, जणू त्यांनीच काहीतरी बिघडवलं. "ह्ये कुठं चाललं?" म्हणेस्तोवर 'आण्णा' एका बाजूनं आणि 'तात्या' दुसऱ्या बाजूनं येऊन वडिलांना टेकले. आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. यूपीएस दोनदा टुं टुं करून मेला.

अंधारल्या पडद्याकडं बघत तात्या बसून राहिले. मी म्हटलं, तात्या, भारनियमन आहे, आता लाइट चारशिवाय यायची नाही. एरवी लाइट गेली की त्यांचा जीव विहिरीवरच्या मोटरीत अडकायचा. आता म्हणाले, "यिऊ दे चारला. मला काय घाई न्हाई." खालून चहा मागवला तो प्यायले. कप खाली ठेवून विचारलं, "त्यानं बघितलं का ह्ये?"

"उद्या येणारेत आण्णा. बस्त्याला."

"बघू दे," तात्या म्हणाले. जिन्यात पाय टाकला आणि तिथून ओरडले, "पर नाव माझंच वर पायजे हां!"

कपाळ माझं! मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी खाली बस्ता चालू असताना आण्णा वर आले. पिंपळवंडीच्या व्याह्यांपुढं धोतरं पसरली होती, त्यामुळं त्यांना फार वेळ नव्हता. त्यांनी आधी 'वडील' उघडलं. तिथं काही लिहिलेलं नाही हे बघून माझ्याकडं पाहिलं. मग 'तात्या'. उपरण्याची ओळ वाचून हसले. "आमी ओट्यावर बसून बघायचो ना. घंटी वाजली की तुझी आई म्हणायची, आले बघा तुमचे वैरी." मग आई, मामा, विहीर, सायकल सगळं उघडलं. स्वतःच्या नावाला हात लावेनात.

"आण्णा, तुमचं राहिलं."

"राहू दे. माझं मला म्हाईत हाय."

"तुमचं उघडल्याबगर पुढं जात न्हाई ते."

नाइलाजानं टिचकी मारली. वाचताना मान खाली गेली, आणि त्यामुळं शब्द सरकायला लागले ते त्यांना आधी दिसलंच नाही. मी म्हटलं, "आण्णा, वर बघा." त्यांनी वर पाहिलं. दोन्ही शब्द थांबेपर्यंत पाहिलं. मग खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "ह्ये कागदावर असंच उमटंल का?"

"असंच म्हंजे?"

"असं गोल. वर-खाली न्हाई."

त्यांच्या तोंडून ते बाहेर पडलं आणि मी मनातल्या मनात खंडोबाला भंडारा उधळला. मग गोल पत्रिका केली. मधे नवरा-नवरीची नावं, त्यांच्या भोवती वर्तुळात निमंत्रकांची. प्रत्येक नाव मी हातानं वळवून तिरकं बसवलं. छापखान्याचे मालक म्हणाले, अहो ताई, ही पत्रिका आहे का चकली? मी म्हटलं, तुम्ही छापा. वाचायची कशी, ते लोकांना कळतं. आणि कळलंच! तात्यांनी पत्रिका हातात घेतली, फिरवली, स्वतःचं नाव सरळ वर आणलं आणि म्हणाले, "हां. आता बराबर." आण्णांनीही फिरवली आणि तेही बराबर म्हणाले. पहिली पत्रिका रिवाजाप्रमाणं गावदेवाला ठेवली. तिथं ती कोणत्या बाजूनं ठेवायची यावर गुरवानं डोकं खाजवलं, तेवढंच. गावात चेष्टा झाली, पण मला तर ते कौतुकच वाटत होतं. माणसं उंबऱ्यात उभी राहून पत्रिका स्टिअरिंगसारखी फिरवत होती. माझी कविता माणसांच्या हातात हलत होती. जुन्नरच्या अध्यक्षांना एक मुद्दाम धाडली.

एवढी शहाणी मी, पण एक गोष्ट साफ विसरले. आमच्याकडं पत्रिका नुसती वाचत नाहीत. मांडवात माईकवर म्हणतात.

लग्नाच्या दिवशी मांडव भरलेला. तात्या आले होते. पण मांडवाच्या त्या टोकाला, आपल्या माणसांत. आण्णा या टोकाला. मधे सगळं गाव. बहिणीला बाहेर आणायची वेळ झाली. मंगलाष्टकांआधी निवेदन करणाऱ्या गावातल्या गुरुजींनी माईक टिचक्या मारून तपासला. "या शुभप्रसंगी आपणां सर्वांचं निमंत्रक म्हणून स्वागत करत आहेत..." आणि थांबले. पत्रिका फिरवली. परत फिरवली. कर्ण्यातून अख्ख्या अवसरीला ऐकू गेलं, "अहो, आता सुरुवात कोणापासनं करू?"

कागदाला वर-खाली नको म्हणून मी जिवाचं रान केलं, पण तोंडानं नावं एकामागोमाग एकच घेता येतात! कोणाचं तरी पहिलं येणारच. बहीण दारात मुंडावळ्या बांधून उभी, माझ्याकडं बघत. तिची नजर मला अजून सोसत नाही.

त्या टोकाला तात्या उठले. फेटा सावरला. माझ्या शेजारची कोणीतरी म्हणाली, "चाललं म्हातारं." पण ते बाहेरच्या वाटेला वळले नाहीत. माणसांतून वाट काढत, मांड्या ओलांडत, पुढं आले आणि माईकपाशी उभं राहून म्हणाले, "गुर्जी, आण्णाचं घ्या आधी. पोरी त्यानं संबाळल्या."

कित्येक वर्षांनी त्यांच्या तोंडात आण्णांचं नाव आलं होतं, आणि तेही कर्ण्यावर. आण्णा या टोकावरून उठले. "न्हाई न्हाई, तात्या थोरलं हायेत," म्हणत तेही पुढं आले. दोघं माईकपाशी. तुझं आधी, तुमचं आधी, अशी ओढाताण, आणि गुरुजी मधे पत्रिका धरून. कोणीतरी ओरडलं, "ओ, मुहूर्त टळंल!" सगळा मांडव हसला. मला हसू येत होतं का रडू, ते मला सांगता यायचं नाही. नावं शेवटी कोणत्या क्रमानं घेतली, ते त्या हसण्यात कोणालाच ऐकू आलं नाही.

बहीण बोहल्यावर उभी राहिली. अंतरपाट धरला. दोघं चुलते तिच्या मागं जाऊन उभे राहिले. एक उजव्या अंगाला, एक डाव्या. अंगाला अंग लावून नाही. दोघांच्या मधे त्यांनी एका माणसापुरती जागा मोकळी सोडली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मामा तिथं उभे राहायला निघाले तर तात्यांनी त्यांना हातानं धरून आपल्या पलीकडं घेतलं.

आई विधवा म्हणून मागं, खांबाच्या आड उभी होती. तिला मी ती कविता कधी दाखवली नव्हती. पहिलं मंगलाष्टक संपलं, 'सावधान' झालं आणि सगळ्यांच्या अक्षता नवरा-नवरीवर पडल्या. आई खांबाआडून पुढं आली. तिनं आपली मूठ त्या मोकळ्या जागेवर टाकली.